उलटे स्वल्पविराम

देवनागरी लिपीत मोठी अक्षरे नाहीत. म्हणजे अक्षर मोठे काढता येते, निवडणुकीच्या दिवसांत तर भिंतभर काढतात; पण इंग्रजीत कॅपिटल आणि स्मॉल अशी जी दोन बिऱ्हाडे आहेत, ती आपल्याकडे नाहीत. आपला 'क' ज्या कपड्यांत भाजी आणायला जातो त्याच कपड्यांत लग्नालाही जातो. इंग्रजीत पुस्तकाचे नाव यायचे झाले की त्यातल्या शब्दांची पहिली अक्षरे फेटे बांधून उभी राहतात, आणि शिवाय ते सगळे नाव तिरप्या टाइपात, म्हणजे इटालिकमध्ये, छापतात. वाचणाऱ्याला लांबूनच कळते की कोणीतरी बडी असामी येत आहे. आपल्या पंगतीत पाहुणा आणि वाढपी एकाच पोशाखात. ओळखायचे कसे?

राहता राहिली अवतरणचिन्हे. आमचे मराठीचे मास्तर त्यांना 'उलटे स्वल्पविराम' म्हणत आणि ती विसरणाऱ्याला सुलटी छडी देत. कोणाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील तर दुहेरी. एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल किंवा पुस्तकाबिस्तकाचे नाव घालायचे असेल तर एकेरी. एवढाच नियम. ऐकायला सोपा आहे. पण सोपे नियम बहुधा ज्यांना स्वतःला फारसे लिहायचे नसते त्यांनी केलेले असतात.

परवा माझ्या मेहुण्यांचा मोबाइलवर निरोप आला : "काल मोरूची मावशी पाहिली. पोट धरधरून हसलो. तुम्हीही बघून या." आमच्या हिने तो वाचला आणि चेहरा उतरवून म्हणाली, "कुठल्या मोरूची हो? कर्जतच्या? आणि बघून या म्हणजे आजारी आहे की काय? मग त्यात हसण्यासारखं काय आहे मेलं!" मी तिला समजावले की ही मावशी मुळात 'चार्लीज आँट' या इंग्रजी नाटकातली, तिला अत्र्यांनी लुगडे नेसवून मराठीत आणली, आणि तिचे काम पुरुष करतो. यावर ती म्हणाली, "मग तसं लिहायला काय होतं?" तसे म्हणजे काय, तर त्या दोन शब्दांच्या आजूबाजूला दोन बारीक चिन्हे. मेहुण्यांनी ती वाचवली आणि आमचा अर्धा तास घालवला.

अत्र्यांच्या नाटकांचे या बाबतीत फार हाल आहेत, कारण त्यांनी नावे अगदी बोलण्यातली ठेवली. अवतरणचिन्हे काढून घ्या आणि वाचून पाहा : "अत्र्यांचे घराबाहेर फार गाजले." "लग्नाची बेडी आमच्या गावी तीनदा लागली, तिन्ही वेळा गर्दी." आणि १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या त्या प्रसिद्ध नाटकाची तर सोयच नाही. "हे कोणी लिहिले? तो मी नव्हेच, अत्रे." ज्या नाटकात पणशीकरांनी पाच-पाच सोंगे घेऊन कोर्टाला चकवले, त्याने व्याकरणालाही चकवावे हे एका परीने बरोबरच झाले म्हणा. तेंडुलकरांनी १९६७ साली नावातच उद्गारचिन्ह घातले. आता कुठल्या नाट्यगृहाबाहेर फळ्यावर खडूने "आज रात्री शांतता! कोर्ट चालू आहे" असे लिहिलेले असेल, तर सज्जन माणूस पाय न वाजवता घरी निघून जाईल.

मग पूर्वी लोक काय करत होते? पूर्वी ही चिन्हे नव्हतीच. मोडीत विरामचिन्ह नाही, दोन शब्दांत जागा नाही, आणि सगळी लिपीच धावती आणि कलती. म्हणजे पेशवाईचा अख्खा कारभार इटालिकमध्ये झाला, आणि तरीही कोणते पत्र कोणी कोणाला लिहिले याबद्दल फारसा गोंधळ झाला नाही. जे गोंधळ झाले त्यांची कारणे निराळी होती. आपल्याकडे विरामचिन्हे रूढ केली मेजर थॉमस कँडी या इंग्रज गृहस्थांनी. मोल्सवर्थसाहेबांच्या १८३१च्या मराठी-इंग्रजी कोशात त्यांचा हात होता, आणि १८५० साली त्यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहिली. फौजेतला माणूस. वाक्ये बेशिस्त चालताना पाहून त्यांना राहवले नसेल.

पण चिन्ह नव्हते म्हणून काम अडले नव्हते, कारण चिन्हाचे काम शब्द करत होते. संस्कृतात 'इति' आहे. पोथीतल्या अध्यायाचे नावसुद्धा वर नसते, शेवटी 'इति' करून येते. कोणाचे बोलणे असेल तरी शेवटी 'इति'. उघडणारे चिन्ह नाहीच, मिटणारे तेवढे आहे. म्हणजे माणूस केव्हा बोलू लागला हे कळले नाही तरी थांबला केव्हा हे नक्की कळते. आमच्या सोसायटीच्या सभेत नेमके याच्या उलट असते. मराठीने 'इति'च्या जागी 'म्हणून', 'असे', 'नावाचे' हे शब्द ठेवले. माझी आजी तर 'की काय म्हणतात ते' एवढ्यावर भागवायची. "ते तुझं आहे तुजपाशी की काय म्हणतात ते, त्याची तिकिटं आणलीस का?" आजीला व्याकरण येत नव्हते, पण नाव कुठे संपले आणि तिचे स्वतःचे वाक्य कुठे सुरू झाले याबद्दल ऐकणाऱ्याला कधी शंका आली नाही. दुसऱ्याची मालमत्ता कुठवर आणि आपली कुठून, एवढेच त्या चिन्हाला सांगायचे असते.

खरी गंमत पुढे आहे. इंग्रजी नाव एकदा अवतरणात घातले की तिथे स्वस्थ बसते. मराठी नावाला विभक्ती लागते. नुसती लागत नाही, लागण्याआधी नावाचे रूप बदलते. शिवरामपंत परांजप्यांनी १८९८ साली 'काळ' नावाचे साप्ताहिक काढले. आता त्यात एक लेख आला, हे कसे लिहाल? 'काळा'त लेख आला म्हणावे, तर पत्राचे नाव 'काळा' होते की काय असे वाटते. काना बाहेर ठेवावा, तर संगणक त्याला धरायला अक्षर नाही म्हणून खाली एक ठिपक्यांचे वर्तुळ काढून देतो आणि तो बिचारा काना रिकाम्या माळेत लोंबकळत राहतो. शेवटी माणूस हात टेकतो आणि 'काळ'मध्ये असे लिहितो. हे 'मध्ये' मराठी पत्रव्यवहारात इतके माजले आहे ते प्रेमामुळे नव्हे, या अवतरणचिन्हांच्या भीतीमुळे. 'केसरी'चे बरे होते. 'केसरी'त, 'केसरी'ने, 'केसरी'ला. कुठेही अडत नाही. पत्राचे नाव ठेवताना टिळक-आगरकरांनी सामान्यरूपाचा विचार केला होता असे माझे म्हणणे नाही, पण केला असता तरी याहून चांगले नाव सापडले नसते.

गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'चे पाहा. त्यातला तळीराम सगळ्यांना माहीत आहे. पण व्याकरणाचा आग्रह धरून "एकाच प्याल्यातला तळीराम" असे लिहिले तर तळीराम एकाच प्याल्यात आटोपला असा अर्थ होतो, आणि तळीरामावर एवढा अन्याय खुद्द गडकऱ्यांनीही केलेला नाही. उलट अवतरणाच्या भिंतीआड नाव अजिबात न हलवता ठेवले, तर 'श्यामची आई'ला सुवर्णपदक मिळाले असे वाक्य होते. ते बरोबर आहे, १९५३च्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळालेच. पण भाषेचा कान असलेल्या माणसाला ते 'ची आईला' खड्यासारखे लागते. आणि 'श्यामच्या आई'ला सुवर्णपदक मिळाले म्हणावे, तर त्या माउलीला आयुष्यात सोन्याचा मणी धड टिकवता आला नाही, हे आठवून घशात आवंढा येतो. मी स्वतः दुसऱ्या पक्षाचा आहे. नाव वाकू द्यावे. मराठीत माणसेसुद्धा विभक्तीपुढे वाकतात. रामाला आपण 'राम'ला म्हणत नाही.

या सगळ्यावर तिरप्या टाइपाचा उपाय आहे असे नवशिके लोक सांगतात. या तिरप्या टाइपाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. व्हेनिसमध्ये आल्दुस मनुशियस नावाचा मुद्रक होता. त्याच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने हस्ताक्षराच्या वळणाचा हा ठसा कोरला आणि १५०१ साली त्यात व्हर्जिलची कविता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत छापली. खिशात मावणारे पुस्तक होते ते. म्हणजे जोर देण्यासाठी वगैरे काही नाही, सगळेच तिरपे. इटलीतून आले म्हणून इटालिक. पुढे सरळ आणि तिरपे एकाच ओळीत नांदू लागले, आणि हळूहळू इंग्रज मुद्रकांनी वाटणी केली : पुस्तक, नाटक, वर्तमानपत्र, चित्रपट, आगबोट, असे अख्खे जे असेल ते तिरपे, कविता, लेख, प्रकरण, असा त्याचा तुकडा असेल तर अवतरणात. टंकलेखन यंत्रावर तिरपे अक्षर नसे, म्हणून तिथे नावाखाली रेघ ओढत, आणि छापखान्यातला माणूस ती रेघ पाहून तिरपे खिळे काढी. व्यवस्था म्हणून उत्तम आहे.

पण आपले अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. त्याला तिरपे करणारा कोणी ग्रिफो आपल्याला रोज भेटत नाही, संगणकावरचे बटण भेटते. ते दाबले की वरची रेघ राहते तशीच आडवी, आणि खालची अक्षरे सगळी एका अंगाला कलतात. वाऱ्याच्या दिवशी दोरीवर सदरे वाळत घातल्यासारखे दिसते. वेलांट्या शेजारच्या घरात डोकावतात, रफार दुसऱ्याच्याच डोक्यावर जातो. आणि मुख्य म्हणजे, वाचणारा त्या नावाला मान देत नाही, मान वाकडी करतो.

अख्खे आणि तुकडा हा भेदही आपल्याकडे त्यामुळे राहिला नाही. कुसुमाग्रजांच्या 'विशाखा'तली 'क्रांतीचा जयजयकार' असे लिहिले की दोन्हीकडे सारखीच कुंपणे. कोण आई आणि कोण लेक ते वाक्याने सांगायचे. आणि कुसुमाग्रज हेसुद्धा टोपणनाव, म्हणजे एके काळी तेही अवतरणात असायचे. टोपणनावाची अवतरणचिन्हे ही लहान मुलाच्या सायकलीला मागे लावलेल्या दोन बारक्या चाकांसारखी असतात. तोल सांभाळता येऊ लागला की ती केव्हा काढली हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. केशवसुतांची निघाली, बालकवींची निघाली. पण कवी 'बी' यांची काढून पाहा बरे. "बी यांची फुलांची ओंजळ" हा काव्यसंग्रह न वाटता फळबाग-विकासाचे पत्रक वाटू लागते. काही चाके जन्मभर ठेवावी लागतात, त्यात कमीपणा नाही.

आणि काहींना मुळात लावूच नयेत. 'ज्ञानेश्वरी' असे मी आता लिहिले खरे, पण आमच्या घरी देवघरातल्या ज्ञानेश्वरीला कोणी अवतरणचिन्ह लावले असते तर वडिलांनी वहीच बंद केली असती. ग्रंथाचे ठेवलेले नाव 'भावार्थदीपिका'. ज्ञानेश्वरी हे लोकांच्या तोंडचे. जे नाव लोकांनीच तोंडाने घातले त्याला कुंपण कशाला? इंग्रजीतल्या शिस्तीच्या पुस्तकांतही बायबलचे नाव तिरपे करू नये असा अपवाद केलेला आहे. म्हणजे साता समुद्रांपलीकडच्या मुद्रकालाही तिथे हात आखडावासा वाटला.

हे झाले मानाचे. पण हीच चिन्हे अपमानही करतात, आणि हे आपल्या पाट्या रंगवणाऱ्यांना कोणी सांगितलेले नाही. येथे 'ताजा' उसाचा रस मिळेल. 'शुद्ध' शाकाहारी. 'घरगुती' जेवण. रंगाऱ्याच्या मनात काही नसते. दाराला तोरण लावावे तसा तो चांगल्या शब्दाला दोन्ही बाजूंनी दोन फुले लावतो. पण रोज वर्तमानपत्र वाचणाऱ्याला 'विद्वान' अध्यक्ष, 'निःस्वार्थी' पुढारी ही भाषा सवयीची. त्याला त्या रसात माशी दिसू लागते. एकच चिन्ह, एकीकडे 'हे खास आहे' म्हणते आणि दुसरीकडे 'हे म्हणे' म्हणते. पाटीवर असेल तर माणूस हसून पुढे जातो. माणसाच्या नावाशेजारी असेल तर जात नाही.

आमच्या वाचनालयाला पंचाहत्तर वर्षे झाली तेव्हा स्मरणिका काढायचे ठरले आणि मुद्रितशोधन माझ्याकडे आले. वाचनालयात एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. सकाळी सातला दार उघडायचे, रात्री साडेआठला कुलूप लावायचे, अशी चौतीस वर्षे. शिक्षण सातवीपर्यंत. ग्रंथपाल म्हणून पदविका घेतलेली माणसे येत, तो पगार पाहत आणि जात. मधल्या काळात पुस्तके कोण देणार? मामा देत. नुसती देत नसत. "हे नको, तुमच्या आईला डोळ्यांचा त्रास आहे ना, त्यांना मोठ्या टाइपातलं देतो," असे म्हणून देत. मला 'रणांगण' त्यांनीच दिले. मी काहीतरी रहस्यकथा मागायला गेलो होतो. मामा जाऊन काही वर्षे झाली. स्मरणिकेत त्यांच्यावर लेख हवाच होता. तो चिटणिसांनी मनापासून लिहिला, आणि वर मथळा दिला : आमचे 'ग्रंथपाल'.

पहिल्या प्रुफात मी ती दोन चिन्हे खोडली. दुसऱ्या प्रुफात ती परत आली. पुन्हा खोडली. तिसऱ्या वेळी चिटणीस स्वतः आले.

"अहो, ते ग्रंथपाल नव्हते," चिटणीस म्हणाले.

"मग तसं का लिहिलंत?"

"कारण ते ग्रंथपालच होते हो! पण दप्तरी शिपाई. आपल्याला सरकारी अनुदान आहे. वर्ग 'ब' आहे आपला. उद्या तपासणीला कोणी आलं आणि विचारलं की हे ग्रंथपाल कोण, तर?"

हे अगदीच वेडगळ नव्हते. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यापासून वाचनालयांना वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान आहे, आणि चिटणिसांच्या डोक्यावर त्या फायलींचे ओझे असते. विषय बैठकीत गेला. खजिनदार म्हणाले, शब्द तिरपा छापा. दुसऱ्या एकांनी कंस सुचवला. एक सभासद म्हणाले 'मानद' घाला. तर लगेच कोणीतरी म्हणाले, मानद म्हणजे बिनपगारी, आणि मामांना आपण पगार देत होतो. तो किती देत होतो हे कोणी बोलले नाही.

मामांची मुलगी त्या दिवशी वडिलांचा फोटो द्यायला आली होती. शाळेत शिक्षिका आहे. चिटणिसांनी कौतुकाने तिच्यापुढे प्रूफ ठेवले. तिने मथळा वाचला, लेख वाचला, पुन्हा मथळा वाचला.

"काका, लेख फार छान झालाय," ती म्हणाली. "पण बाबा ग्रंथपाल नव्हते हे खरं आहे. तुम्हांला तो शब्द नको असेल तर काढून टाका. शिपाई लिहा. त्यांना त्याची लाज नव्हती. फक्त असा चिमट्यात धरून नका देऊ."

चिटणीस काही बोलले नाहीत. खिशातले पेन काढून त्यांनी स्वतःच दोन्ही चिन्हे खोडली, आणि लेखातल्या दुसऱ्या परिच्छेदात 'दप्तरी नोंद शिपाई अशी होती' हे वाक्य घातले. तपासणीला येणाऱ्याची सोय झाली आणि मथळा मोकळा झाला. मी सही केली आणि प्रूफ छापखान्यात गेले.

तिथे संगणकावर जुळणी करणारा मुलगा हुशार होता. अवतरणचिन्हे काढा एवढा निरोप त्याला पोचला, आणि त्याने एका बटणात त्या लेखातली सगळीच काढली. मामांच्या आवडीच्या पुस्तका-नाटकांची यादी होती ती आता अशी छापलेली आहे : "मामांना रणांगण प्रिय होते, मात्र घराबाहेर त्याहून प्रिय. लग्नाची बेडी त्यांनी वाचनालयात तीनदा बदलून घेतली."

पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. चिटणीस तर शुद्धिपत्र जोडायला निघाले होते. मुलीला एक प्रत नेऊन दिली तेव्हा ती आधी बराच वेळ मथळ्यावरून बोट फिरवत राहिली. मग यादीशी आली आणि हसू लागली. "शुद्धिपत्र कशाला, काका? आई बघा आता काय म्हणते," असे म्हणून तिने आत हाक मारली. आतून आई आल्या, चष्मा लावला, आणि ते वाक्य दोनदा वाचून म्हणाल्या,

"घराबाहेर प्रिय होतं हे खरंच आहे. साडेआठाला कुलूप लावायचे म्हणे, घरी येईपर्यंत दहा वाजायचे."